शेवटच्या वर्षाचा सिव्हिल प्रोजेक्ट: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातवं सेमिस्टर सुरू झालं की माझ्या टेबलासमोर चार-चार, पाच-पाच जणांचे ग्रुप येऊन उभे राहतात. मी याच भागात शिकलो, आता इथेच सिव्हिल शिकवतो आणि प्रोजेक्टना गाईड म्हणून काम करतो. दरवर्षी जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे गुण, फॉरमॅट आणि तारखा वेगळ्या असतात. त्या आपल्या विभागातूनच घ्याव्यात.

सर, विषय कुठून शोधायचा?

इंटरनेटवरच्या तयार याद्या बाजूला ठेवा. ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपलं गाव आणि त्या गावाला बांधकामाची किंवा पाण्याची कोणती अडचण आहे ते एका कागदावर लिहावं. परळीकडच्या मुलाला औष्णिक केंद्राची राख माहीत असते. लातूर-धाराशिवच्या साखर पट्ट्यातल्या मुलीने बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळून उरलेल्या राखेचे ढीग पाहिलेले असतात. जालन्याकडच्या मुलाच्या शेतात शेततळं असतं आणि उन्हाळ्यात त्यातलं किती पाणी नुसतं उडून जातं याची घरात रोज चर्चा असते. संभाजीनगरची मुलं खाम नदीच्या पुलावरून रोज जातात, आणि जुन्या नहरीच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. विषय असा जवळच सापडतो.

सापडला की तो लहान करायचा. ‘लातूरची पाणीटंचाई’ एवढ्याने प्रोजेक्ट होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात तुम्ही मोजणार काय? ‘आमच्या वॉर्डातल्या ४० घरांना आठवड्यात माणशी प्रत्यक्ष किती लिटर पाणी मिळतं, आणि टाकीपासून लांब गेल्यावर ते किती कमी होतं’ हा प्रश्न चार जणांना वर्षभर पुरतो.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकी जागा जवळ आहे का? लागणारं उपकरण कॉलेजच्या लॅबमध्ये आहे का, आणि ते चालू आहे का? तिसरी गोष्ट, मार्चअखेर आकडे हातात येतील का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं, तर ऑगस्टमध्येच विषय बदला. जानेवारीत बदलायला फार उशीर झालेला असतो.

सिनियरचाच विषय पुढे नेला तर चालेल का?

चालेल, आणि बऱ्याचदा ते जास्त चांगलं असतं. पण त्यांचा रिपोर्ट उघडून आकडे कुठे थांबले ते पाहा. त्यांनी २८ दिवसांपर्यंत काँक्रीटची ताकद मोजली असेल तर तुम्ही ५६ दिवसांपर्यंत जा. त्यांनी दहा विहिरी फक्त ऑक्टोबरमध्ये पाहिल्या असतील तर त्याच विहिरी तुम्ही जानेवारी आणि मार्चमध्ये पाहा. रिपोर्टमध्ये कोणाचं काम पुढे नेलं ते स्पष्ट लिहा.

काळ्या मातीवर तर सगळ्यांनीच प्रोजेक्ट केलेत. आम्ही वेगळं काय करणार?

हा प्रश्न मला फार आवडतो. आपल्या अर्ध्या घरांच्या भिंतींना भेगा याच मातीमुळे पडतात आणि गावरस्ते दोन पावसाळ्यांत उखडतात तेही हिच्यामुळेच. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच.

पण सगळी काळी एकसारखी नसते. नदीकाठची खोल काळी, माळाकडची उथळ काळी आणि खाली मुरूम लागणारी यांच्या फुगण्यात खूप फरक असतो. ‘काळ्या मातीत चुना मिसळून सुधारणा’ या शीर्षकाचे रिपोर्ट कपाटभर आहेत. त्यातल्या बहुतेकांत माती कॉलेजच्या मागून, एकाच खड्ड्यातून आणलेली असते. तुम्ही एखादा आठ-दहा किलोमीटरचा रस्ता धरा, ठरावीक अंतरावर बारा खड्डे घ्या, अर्धा मीटर आणि दीड मीटर अशा दोन खोलींवरची माती आणा, आणि रस्ता कुठे उखडला आहे ते त्याच नकाशावर टाका. एवढं काम मी तपासलेल्या रिपोर्टांत फारच थोड्यांनी केलं आहे.

त्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मध्ये फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती किती टक्के फुगते तो आकडा, दिला आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घालायची. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे काढून किमान २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून पाण्यातलं आकारमान वजा रॉकेलमधलं आकारमान, भागिले रॉकेलमधलं, गुणिले शंभर. आकडा ५० च्या वर गेला की बांधकामासाठी ती माती जपूनच पाहावी लागते. सोबत भाग ५ मधल्या लिक्विड आणि प्लास्टिक लिमिट (किती पाण्याला माती वाहू लागते आणि किती पाण्याला वळता येते) काढा. दोन्ही मिळून मातीचा स्वभाव कळतो.

चुना किंवा राख मिसळणार असाल तर घाई करू नका. चुना मिसळल्यावर कॉम्पॅक्शनची (माती ठोकून दाबल्यावर येणारी) कमाल घनता बहुधा थोडी कमी होते आणि त्यासाठी पाणी जास्त लागतं, त्यामुळे प्रत्येक प्रमाणासाठी ही घनता मोजणारी प्रॉक्टर चाचणी नव्याने करावी लागते. साध्या मातीचा आकडा सगळीकडे वापरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चुन्याची मातीशी क्रिया व्हायला दिवस लागतात, म्हणून नमुने पॉलिथिनमध्ये गुंडाळून ओलसर ठेवा आणि ७ व २८ दिवसांनी तपासा. सीबीआर (रस्त्याखालच्या मातीची ताकद) भिजवलेला घ्यायचा असेल तर साचा चार दिवस पाण्यात राहतो, आणि कॉलेजात साचे मोजकेच असतात. ते वेळापत्रक आधी कागदावर मांडा.

काँक्रीटच्या प्रोजेक्टला किती क्यूब लागतात?

हिशेब करू. बगॅसची राख सिमेंटऐवजी ०, ५, १०, १५ आणि २० टक्के वापरायची आहे असं धरा. ७, २८ आणि ५६ दिवस अशा तीन वयांना, प्रत्येक वेळी ३ क्यूब (काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे ४५. राखेचा परिणाम सावकाश दिसतो म्हणून ५६ दिवस सोडू नका. १५० मिलिमीटरचा एक क्यूब ०.००३३७५ घनमीटरचा, म्हणजे ४५ चे मिळून सुमारे ०.१५ घनमीटर. हे काँक्रीट साडेतीनशे किलोच्या वर भरतं. वाया जाणारं धरून सिमेंटच्या दोन गोण्या घ्या, आणि त्या एकाच दिवशी, एकाच बॅचच्या.

आता तारखा. २० मार्चला ५६ दिवसांची चाचणी हवी असेल तर शेवटचा क्यूब २३ जानेवारीला भरलेला पाहिजे. साचे बारा असले तर एकूण पाच खेपा कराव्या लागतील. एकेका मिक्सचे सगळे क्यूब एकाच खेपेत भरा, नाहीतर फरक राखेमुळे आला की त्या दिवशीच्या उन्हामुळे हे सांगता येणार नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटीच ऊन तापायला लागतं. दुपारी दोनला भरलेल्या काँक्रीटचं पाणी मिक्सरमध्येच उडतं आणि स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) झपाट्याने उतरतो, म्हणून कास्टिंग सकाळी आठला सुरू करा. क्युरिंग टाकीचं पाणी २७ अंशांच्या आसपास राहायला हवं. टाकी पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर थर्मामीटर टाकून रोज नोंद ठेवा.

कारखान्यातून आणलेली राख जशीच्या तशी वापरू नका. तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा असतो. चाळा आणि लॉस ऑन इग्निशन (तापवल्यावर किती वजन जळून जातं ते) काढा. मशीनवर भार मिनिटाला चौरस मिलिमीटरला १४ न्यूटन या गतीनेच वाढवा. घाईने वाढवलेल्या भाराने ताकद खोटी जास्त दिसते. तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळा आला तर तो गुपचूप वगळायचा नसतो, लिहायचा असतो.

गावच्या पाण्याचे नमुने तपासायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमधली गोष्ट सांगतो. आम्ही एका दिवसात अकरा हापशांचं पाणी भरून आणलं. बाटल्यांवर साध्या कागदाच्या चिठ्ठ्या, बॉलपेनने लिहिलेल्या. बर्फाच्या डब्यात बर्फ वितळला, चिठ्ठ्या सुटल्या, आणि तीन बाटल्या कोणत्या हापशाच्या ते कोणालाच सांगता येईना. अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं वाया गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला बाटलीच्या अंगावरच पक्क्या शाईच्या मार्करने नंबर लिहायला लावतो आणि तोच नंबर, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश वहीत.

हापसा किंवा बोअर असेल तर आधी काही मिनिटं पाणी वाहू द्या. पाइपात साचलेलं पाणी हा त्या खडकातल्या पाण्याचा नमुना नव्हे. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली, काचेची नको. जिवाणू तपासायचे असतील तर निर्जंतुक बाटली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच रसायन घालून फिक्स करायचा. बाकी नमुने ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ती चाचणी) आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांची करतात. परदेशी पुस्तकातले २० अंश आणि ५ दिवस रिपोर्टमध्ये उतरवलेले दिसले की परीक्षक तिथेच थांबतो.

निकाल आयएस १०५००:२०१२ शी ताडून पाहा. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, पर्याय नसेल तर २०००. कडकपणा २०० आणि ६००. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडमुळे माणसांची हाडं वाकलेली आहेत. त्या गावात तुम्ही काढत असलेला दशांश हा कोणाच्या तरी लेकराच्या दातांचा प्रश्न आहे, म्हणून ब्लँक (शुद्ध पाणी) आणि स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेलं द्रावण) लावल्याशिवाय एकही आकडा लिहू नका.

भूजलावर करायचं तर विहिरी कधी मोजायच्या?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुमचं वर्ष जुलैपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे मे सोडून तिन्ही वेळा तुमच्या हातात येतात. मेची पातळी त्यांच्या आधीच्या वर्षांच्या नोंदींतून घ्या आणि तसं लिहा.

विहीर मोजायला वजन लावलेला टेप पुरतो. कठड्याची एक जागा ऑइल पेंटने खूण करून ठरवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. शेतीची लाइट ज्या आठवड्यात दिवसा असते त्या आठवड्यात मोटार सुरू होण्याआधी पोचलं पाहिजे. चालू मोटारीच्या विहिरीची पातळी भूजलाबद्दल फार काही सांगत नाही. मालकाला आदल्या दिवशी फोन करा, काका-मामा म्हणून नीट विचारा. एकाही शेतकऱ्याने आमच्या मुलांना अजून परत पाठवलेलं नाही.

किल्लारीच्या भूकंपावर काही करता येईल का?

येईल, पण जबाबदारीने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, दोन्ही बाजूंना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचं मातीचं मोठं ओझं. घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा हा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला.

आजचा चांगला प्रश्न असा: आपल्या गावात अजून किती माळवदं उभी आहेत, त्यातल्या कितींना लिंटेल पातळीवर (दार-खिडक्यांच्या वर) भिंती बांधून ठेवणारा आडवा पट्टा आहे, कितींवर नंतर स्लॅब चढवला? आयएस १३८२८ कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाबद्दलच आहे, त्यातून तपासणीचा एक पानी फॉर्म बनवा आणि शंभर घरं पाहा. पुनर्वसनाच्या गावांत जाल तर आधी बसा, ऐका. ज्या आजींनी त्या रात्री घरातली माणसं गमावली त्यांच्यासमोर टेप काढून भिंत मोजायला सुरुवात करू नये.

नुसतं सॉफ्टवेअरवर प्रोजेक्ट केला तर?

जी प्लस पाच मजल्यांची इमारत मॉडेल करून आलेले आलेख चिकटवणं हे मला पटत नाही, कारण त्यात चूक झाली तरी ती तुम्हाला दिसत नाही. मॉडेल करा, पण त्यातला काही भाग प्रत्यक्ष मोजून ताडा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरला आहे. गावची पाइपलाइन एपानेट या सॉफ्टवेअरवर उभी करा, मग चार नळांना प्रेशर गेज लावून या. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीचं पाणी. मॉडेल बारा मीटर दाखवतं आणि नळावर तीनच मिळतं, तर खरा प्रोजेक्ट तिथून सुरू होतो: गळती, बेकायदा जोडण्या, की चुकीचा व्यास?

पुराचंही तसंच. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने दुष्काळाची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्यांत नद्या शेतात आणि घरांत आणल्या. पुराचं मॉडेल करणारं एचईसी-रास फुकट मिळतं. पण फुकटच्या उपग्रह उंची-नकाशाचा एक चौकोन ३० मीटरचा असतो आणि तुमचा ओढा पंधरा मीटर रुंद. तो त्या चौकोनात हरवतो. ऑटो लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी) घेऊन ओढ्याचे छेद स्वतः घ्या. पूर कुठवर आला ते पुलाच्या खांबावर, देवळाच्या भिंतीवर गावकरी बोट ठेवून दाखवतात. त्या खुणांची उंची हाच तुमच्या मॉडेलचा पुरावा.

सरकारी माहिती कशी मिळवायची?

विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, मराठीत, एक पानाचं. ‘पावसाची माहिती हवी’ असं मोघम नको. केंद्राचं नाव, कोणती वर्षं, रोजची की मासिक, ते लिहा आणि स्वतः जाऊन द्या. भूजल यंत्रणा, पाटबंधारे विभाग, संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था), परभणीचं कृषी विद्यापीठ इथे नीट विचारलं तर शिकवणारी माणसं भेटतात. माहितीचा अधिकार शेवटचा उपाय म्हणून ठेवा. त्यात तीस दिवस जातात.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतो म्हणे?

मिळतो. घेऊ नका. एका ग्रुपने असा रिपोर्ट आणला होता, त्यातली माती दुसऱ्या राज्यातल्या जिल्ह्याची होती आणि मुलांना ते नावही उच्चारता आलं नाही. मला राग आला नाही, वाईट वाटलं. चार वर्षं आईबापांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरली आणि स्वतःच्या हाताने एक गोष्ट मोजायची संधी त्या मुलांनी गमावली.

आमच्या ग्रुपमध्ये मुलींना रिपोर्ट टाइप करायला देतात, साइटवर नेत नाहीत.

हे मी होऊ देत नाही, आणि तुम्हीही होऊ देऊ नका. पहिल्या रिव्ह्यूलाच कामाची वाटणी लिहून गाईडकडे द्या: कोणत्या तारखेला कोण साइटवर, कोण लॅबमध्ये, कोण लिहिणार, आळीपाळीने. अंधार पडायच्या आत परत यायचं हा नियम मुलामुलींना सारखाच.

निकाल अपेक्षेपेक्षा उलटे आले. आता?

आधी कारण शोधा: वजन, पाणी, मशीनचं कॅलिब्रेशन. शक्य असेल तर चाचणी पुन्हा करा. तरी तेच आलं तर तोच तुमचा निकाल. ‘या कारखान्याची राख १० टक्क्यांपुढे चालत नाही’ हे कळणं गुत्तेदारालाही उपयोगाचं असतं. आकडे गुळगुळीत करून सरळ रेषेत बसवले तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं, कारण खरी माती आणि खरं काँक्रीट इतकं शिस्तीत वागत नाही.

इंग्रजी कच्चं आहे. रिपोर्ट कसा लिहू?

साइटवरची वही मराठीत ठेवा, तिथे भाषेमुळे काही सुटायला नको. रिपोर्ट लिहिताना पहिलं प्रकरण शेवटी लिहा. काय केलं आणि कसं केलं, हे प्रकरण आधी लिहा. ते तुमच्या हातून झालेलं असतं म्हणून वाक्यं लहान आणि खरी येतात. दुसऱ्याचा परिच्छेद शब्द बदलून घेऊ नका.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) काय विचारतात?

नमुना कुठून घेतला, किती घेतले आणि तेवढेच का. हा आकडा कोणत्या कोडनुसार. पुन्हा केलात तर काय बदलाल. ज्यांनी काम केलं आहे त्यांना यात अडायला होत नाही. सोबत साइटची वही न्या, मातीचे डाग असले तरी चालेल.

प्रोजेक्ट संपल्यावर गावाला निकाल सांगायचे का?

सांगायचेच. पण पाण्यात काही धोकादायक सापडलं तर आधी गाईडना दाखवा, सरकारी प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या, आणि मगच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व आरोग्य केंद्राला एक पानाचं मराठी पत्र द्या. गावात चुकीची भीती पसरली तर लोक चांगला हापसाही सोडतात. पत्रात हापशाची जागा, सापडलेला आकडा, किती चालतो तो आकडा, आणि काय करावं हे चार ओळींत असावं. फ्लोराइड जास्त असेल तर स्पष्ट लिहा की पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरावा, धुण्याभांड्यांना हेच चालेल. नमुना घेतल्याची तारीख ठळक टाका, कारण पावसाळ्यानंतर हाच आकडा बदललेला असू शकतो.